कुशीवर कधी झोपता येईल?

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर ताईला घरी सोडायच्या दिवशी सकाळी सर्जन राउंडला आले. टाके पाहिले, ड्रेनमध्ये किती पाणी जमलंय ते पाहिलं आणि निघता निघता विचारलं, "काही शंका?" ताईने मानेनेच नाही म्हटलं. तिच्याकडे बघून मीही नाही म्हटलं. ते पुढच्या खाटेकडे वळले.

गाडीत बसलो, दार लागलं आणि खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मला कुशीवर कधी झोपता येईल गं?"

ताई लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपते. आम्ही दोघी एका अंथरुणात झोपायचो तेव्हा रोज रात्री तिची पाठ माझ्याकडे असायची, आणि त्या पाठीला पाठ लावूनच मला झोप यायची. शस्त्रक्रिया डाव्या बाजूची झाली होती. गेल्या तीन आठवड्यांत आम्ही गाठीचा आकार, ग्रेड, रिसेप्टर, काखेतल्या लिम्फ नोड्स असं काय काय वाचलं होतं. फाइल फुगली होती. आणि एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सर्जनना विचारायला तिला लाज वाटली असणार. एवढी मोठी शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला झोपायचं कसं हे काय विचारायचं!

घरी आल्यावर ड्रेनचं काम माझ्याकडे होतं. काखेजवळून निघालेली बारीक नळी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची छोटी बाटली. सकाळी आठला आणि रात्री आठला ती रिकामी करायची, आधी मिलिलिटर मोजायचे, वहीत लिहायचे. लाल पाणी हळूहळू गुलाबी झालं, मग पिवळसर. मी आकडे लिहीत होते आणि ताई पाठीवर पडून छताकडे बघत होती. रात्री कूस बदलता येत नाही म्हणून तिला जाग यायची, आणि जाग आली की डोक्यात नको ते सुरू व्हायचं.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. वॉर्डातल्या नर्सने त्यांचा नंबर दिला होता आणि मी बऱ्याच संकोचाने फोन केला होता. त्या डॉक्टर नव्हत्या, समुपदेशकही नव्हत्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांची हीच शस्त्रक्रिया झाली होती, एवढाच त्यांचा अधिकार. त्या खुर्ची खाटेजवळ ओढून बसल्या. धीर धरा म्हणाल्या नाहीत, सकारात्मक राहा म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पाठीवर झोपून झोपून कंबर धरली असेल ना?"

पिशवीतून त्यांनी बदामाच्या आकाराची एक छोटी उशी काढली. तिची खाच काखेत बरोबर बसते आणि हात जखमेवर घासत नाही. ड्रेनची बाटली गाउनला आतून सेफ्टी पिनने कशी अडकवायची, म्हणजे उठताना नळीला हिसका बसत नाही, हे दाखवलं. गाडीत सीट बेल्टच्या खालीही हीच उशी ठेवायची म्हणाल्या. मग ताईने विचारलं. उत्तर आलं, "ड्रेन निघू दे, जखम भरू दे, सर्जन हो म्हणू देत. आधी दुसऱ्या कुशीवर, मोठ्या उशीला मिठी मारून. या कुशीवर यायला वेळ लागतो. पण येता येतं. मी झोपते."

'मी झोपते.' हे दोन शब्द दुसरं कुणी उच्चारू शकलं नसतं. सर्जन नाही, मी तर नाहीच. त्यानंतर ताईने त्यांना इतके प्रश्न विचारले की मी मोजायचं सोडून दिलं. अंघोळ कशी, ब्लाउज कसा, हा अर्धा भाग बधिर का, आरशासमोर पहिल्यांदा कधी उभ्या राहिलात, नवऱ्याला कधी दाखवलंत. शेवटचा प्रश्न आला तेव्हा मी उठून बाहेर गेले.

तोवर मला वाटायचं, सपोर्ट ग्रुप म्हणजे सांत्वन. एकमेकींचे हात धरून बसायचं. त्या दुपारनंतर मी वाचायला लागले आणि लक्षात आलं की या सगळ्या चळवळीचं मूळ सांत्वनात नाहीच. ते न विचारलेल्या प्रश्नांत आहे.

1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर नावाच्या बाईची मॅस्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढायची शस्त्रक्रिया, झाली. तेव्हाची शस्त्रक्रिया म्हणजे सर्जन हॉलस्टेड यांच्या पद्धतीची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. तिला पुढच्या आयुष्याबद्दल शेकडो प्रश्न होते आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग बरी झाल्यावर तीच दुसऱ्या रुग्णांच्या खोल्यांमध्ये जायला लागली. बरोबर एक लहानसा संच असायचा. त्यात कपड्यांत घालायला तात्पुरता कृत्रिम स्तन, हात हलता करायला रबरी चेंडू आणि दोरी. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय खोलीत शिरते म्हणून तिला विरोधही झाला. तिने सुरू केलेलं 'रीच टू रिकव्हरी' 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतलं आणि पुढे ते देशोदेशी पसरलं. आमच्या घरी आलेल्या बाईंना हे नाव ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. पण खाटेजवळ खुर्ची ओढणारी ती पहिली बाई मला दिसते.

अर्थात लॅसरच्या कामालाही मर्यादा होती. भर सगळा पूर्ववत दिसण्यावर. हे ज्यांना खुपलं त्यांत कवयित्री ऑड्री लॉर्ड होती. 1978 साली तिची मॅस्टेक्टॉमी झाली. भेटायला आलेल्या स्वयंसेविकेने तिला लोकरीचा स्तन दिला. तो न घालता ती तपासणीला गेली, तर नर्स म्हणाली की तुम्ही असं येता ते दवाखान्यातल्या इतरांच्या मनोधैर्यासाठी बरं नाही. लॉर्डचं म्हणणं असं की आम्ही सगळ्याजणी हे लपवत राहिलो तर एकमेकींना ओळखणार कशा? मला हे पटतं. ताईने मात्र कृत्रिम स्तन घेतला, आवडीने घेतला, आणि तेही मला पटतं. निवड तिची असली म्हणजे झालं.

निवड. हा शब्द या आजारात फार उशिरा आला. 1970च्या दशकापर्यंत अमेरिकेत रीत अशी होती की गाठ घेऊन गेलेल्या बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर तिला न उठवता तिथेच स्तन काढून टाकायचा. बाई झोपी जाताना तिला माहीत नसायचं की उठल्यावर काय असेल आणि काय नसेल. ती छातीवर हात नेऊन चाचपडायची, तेव्हा तिला निदान कळायचं. रोझ कुशनर या पत्रकार बाईने 1974 साली याला नकार दिला. आधी फक्त बायोप्सी करा, मला उठवा, मग मी ठरवेन, असं ती म्हणाली. हे मान्य करणारा सर्जन मिळेपर्यंत ती एकेकाला फोन करत राहिली. मग ती लिहायला लागली, परिषदांमध्ये उठून उभी राहायला लागली. 1979 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या सहमती परिषदेत ती रुग्णांच्या बाजूने बसली होती, आणि बायोप्सी व शस्त्रक्रिया यांत अंतर असावं ही शिफारस तिथून बाहेर आली. 1990 साली ती याच आजाराने गेली. ताईच्या बायोप्सीचा रिपोर्ट आणि शस्त्रक्रिया यांमध्ये एकोणीस दिवस होते. त्या एकोणीस दिवसांचा मला तेव्हा राग यायचा, जीव टांगणीला लागला होता. आता वाटतं, ते दिवस कुणीतरी भांडून मिळवून दिलेले होते.

त्याच सुमारास सर्जन बर्नार्ड फिशर यांनी विचारलं की स्तन संपूर्ण काढायलाच हवा का? 1985 साली त्यांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. योग्य रुग्णांत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, तरी जगण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही. 2002 साली वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही उत्तर तेच आलं. फिशर यांचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं. पण त्या चाचणीत अठराशेहून अधिक बायका होत्या. आपल्याला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, हे माहीत असून त्यांनी सही केली होती. त्यांतल्या एकीचंही नाव मला ठाऊक नाही. लम्पेक्टॉमी, म्हणजे फक्त गाठ काढायची शस्त्रक्रिया, झालेल्या प्रत्येक बाईच्या कागदावर माझ्या दृष्टीने त्यांच्या सह्या आहेत.

उपचार शोधला म्हणजे तो पोचतो असं मात्र नाही. या विषयात मी वाचलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट न्यूयॉर्कच्या हार्लेम या गरीब वस्तीतली आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा जुना हिशोब काढला, तेव्हा दिसलं की 1964 ते 1986 या काळात पाच वर्षं जगलेल्या बायका जेमतेम 39 टक्के. निम्म्या जणी तिसऱ्या-चौथ्या स्टेजला यायच्या. सर्जन हॅरॉल्ड फ्रीमन यांनी स्वस्तात किंवा मोफत तपासणीची सोय केली आणि 1990 साली आणखी एक साधी गोष्ट सुरू केली. तपासणीत काही संशयास्पद निघालं की त्या बाईबरोबर एक माणूस द्यायचा. वाट दाखवणारा, नॅव्हिगेटर. पुढची तारीख घ्यायला, कागद भरायला, रिपोर्टचा पाठपुरावा करायला, न आलेल्या बाईला फोन करून का आला नाहीत विचारायला. 1995 ते 2000 या काळातल्या रुग्णांमध्ये तोच आकडा 70 टक्के झाला. तपासणी आणि सोबत, दोन्हींचं मिळून हे फळ होतं. नवं औषध हा त्यातला मुख्य भाग नव्हता.

मी हे वाचून खूप वेळ थांबले होते, कारण ताईच्या वेळी एक रिपोर्ट अडकला होता. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. गाठीच्या तुकड्याची काच, म्हणजे स्लाइड, दुसऱ्या लॅबला गेली, तिथून परत आली नाही, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. ताई म्हणाली, "जाऊ दे, येईल." आजारी माणूस असंच म्हणतो. त्याच्यात भांडायचं त्राण नसतं, शिवाय ज्यांच्या हातात आपला जीव आहे त्यांना नाराज कसं करायचं ही भीती असते. मी तीन दिवस सकाळी दहाला त्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आवाज चढवला नाही. रोज तोच प्रश्न, तेच नाव, तोच नंबर. चौथ्या दिवशी स्लाइड सापडली. माझ्याकडे सुट्टी होती, पाय धड होते. ज्या बाईला असं उभं राहणारं कुणी नाही, तिच्या स्लाइडचं काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली स्तनाच्या कॅन्सरसाठी जागतिक उपक्रम सुरू केला. त्यात तीन उद्दिष्टं ठेवली आहेत. निदान झालेल्यांपैकी किमान 60 टक्के पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडावेत. बाई तक्रार घेऊन गेल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावं. आणि किमान 80 टक्के जणींचे उपचार अर्धवट न राहता पूर्ण व्हावेत. 2022 साली जगभरात 23 लाख बायकांना हा आजार निघाला आणि 6 लाख 70 हजार जणी गेल्या. ही उद्दिष्टं वाचताना मला यंत्रं दिसत नाहीत, खिडकीशी रोज जाऊन उभं राहणारी माणसं दिसतात.

गुलाबी रिबिनीबद्दलही बोलायला हवं. मूळ रिबिनीचा रंग गुलाबी नव्हता. शार्लट हेली नावाची अमेरिकन बाई 1990च्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या टेबलावर बसून फिक्या केशरी रंगाच्या रिबिनी करायची. प्रत्येक रिबिनीबरोबर एक कार्ड असायचं. त्यावर लिहिलेलं असायचं की राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वर्षाचं बजेट 1.8 अब्ज डॉलर आहे, आणि त्यातला फक्त पाच टक्के भाग प्रतिबंधावर जातो. आपल्या लोकप्रतिनिधींना जागं करा. एका मासिकाने तिच्याकडे रिबीन मागितली. तिने दिली नाही, याचा बाजार होईल म्हणाली. मग रंग बदलला आणि 1992 साली गुलाबी रिबीन आली. रिबीन जगभर गेली, कार्ड मागे राहिलं. त्या रिबिनीमुळे अनेक जणींनी गाठ दाखवली असेल, ते मी नाकारत नाही. पण मला ते कार्ड हवं आहे.

कार्डाचं काम दुसऱ्यांनी पुढे नेलं. 1991 साली अमेरिकेत नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअॅलिशन ही संघटनांची आघाडी स्थापन झाली. त्यांनी 1 लाख 75 हजार पत्रं सरकारला पाठवायचं ठरवलं, जमली 6 लाख. पुढच्याच वर्षी संरक्षण खात्याच्या बजेटमधून स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी 21 कोटी डॉलर मंजूर झाले. आणि मला पैशांहून मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे, कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समित्यांमध्ये हा आजार झालेल्या बायका शास्त्रज्ञांच्या शेजारी बसायला लागल्या. त्यासाठी त्या जीवशास्त्र शिकल्या.

मी आणि ताई महिन्यातून एकदा सपोर्ट ग्रुपला जातो. काय होतं तिथे? बरंचसं फार साधं. केमोत नखं काळी पडली तर काय, टॅमॉक्सिफेनच्या गोळ्यांनी रात्री घाम फुटतो तर काय. ज्या हाताच्या काखेतल्या गाठी काढल्या त्या हाताने काहीही उचलू नका, असं ताईला कुणीतरी बजावलं होतं. सुजेल म्हणून. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, मावशीकडे हात करायची आणि मावशी हात मागे घ्यायची. पोर रडायची, मावशी दुसऱ्या खोलीत जायची. ग्रुपमधल्या एकीने सांगितलं, अहो हे जुनं झालं. 1996 साली व्हँकूव्हरमध्ये क्रीडावैद्यक डॉक्टर डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या 24 बायकांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकींनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं, आणि त्या मोसमात एकीलाही लिम्फिडेमाची, म्हणजे हाताला येणारी ती सूज आली नाही. 2009 साली वजन उचलण्याच्या व्यायामावर नीट चाचणी झाली, तिथेही हळूहळू, देखरेखीखाली व्यायाम वाढवणाऱ्यांत सूज बळावण्याचं प्रमाण उलट कमी निघालं. आम्ही फिजिओथेरपिस्टला विचारलं. अर्धा किलोपासून सुरुवात झाली. अकरा किलोची भाची उचलायला चार महिने लागले.

ग्रुपने आयुष्य वाढतं का? हा प्रश्नही आमच्यात निघाला होता. 1989 साली डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आजार शरीरात पसरलेल्या 86 बायकांपैकी ज्या दर आठवड्याला ग्रुपमध्ये बसल्या त्या जवळजवळ दुप्पट जगल्या. जगभर आशा वाढली. मग 2001 साली कॅनडात 235 बायकांवर मोठी चाचणी झाली. ग्रुपमध्ये बसलेल्यांपैकी निम्म्या जणी 17.9 महिन्यांहून जास्त जगल्या, न बसलेल्यांत हाच आकडा 17.6. म्हणजे फरक नाही. पण ग्रुपमध्ये बसलेल्यांना वेदना कमी जाणवल्या, मन कमी खचलं, विशेषतः ज्या आधीच फार त्रासात होत्या त्यांना. हे ऐकून कुणी हिरमुसेल असं मला वाटलं होतं. एक बाई म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे मी मेले तर ग्रुपला नीट आले नाही म्हणून मेले असं कुणी म्हणणार नाही."

त्या बाईंचा आजार हाडांत आणि यकृतात गेला होता. मध्ये त्या यायच्या बंद झाल्या. आमच्या ग्रुपमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली की टाळ्या वाजवायची पद्धत होती. त्या दिवशी तिघींसाठी टाळ्या वाजल्या होत्या आणि त्याही वाजवत होत्या. ताईने फोन केला तेव्हा म्हणाल्या, "मला तुमचा आनंद खुपत नाही हो. पण तिथे माझ्याकडे बघून सगळ्या घाबरतात." खरंच होतं. आम्ही लढाई, विजय असे शब्द वापरत होतो, आणि त्या शब्दांत त्यांना बसायला जागा नव्हती. उपचार आयुष्यभर चालू राहणार असलेल्यांची वेगळी बैठक आता होते. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. पुढचा स्कॅन, औषध काम करेनासं झालं तर काय, मुलांना किती सांगायचं. टाळ्या आम्ही बंद केल्या. त्या बाई सात महिने आल्या. शेवटच्या दोन बैठका फोनवरून.

गेल्या आठवड्यात ताई पहिल्यांदा एकटी कुणाकडे तरी गेली. शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झालेली बाई, वय ताईहून बरंच कमी. बदामाची उशी ताईने स्वतः शिवली होती, दोनदा उसवून. मी खाली गाडीत थांबले. दीड तासाने ती आली, सीट बेल्ट लावला आणि गप्प बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही बोललीच नाही गं. मी सगळं सांगितलं, उशी दिली, नंबर दिला. काही शंका म्हटलं तर नाही म्हणाली."

मी किल्ली फिरवणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. ताई थोडा वेळ नुसतं ऐकत होती. मग तिने सीट बेल्ट सोडला, मला हाताने थांब म्हणून खूण केली, आणि फोनवर म्हणाली, "हो, विचार ना."